घाटात तापणारी जुनी डिझेल पिकअप: हेड उतरवण्याआधी काय बघू?

बागायतदार_रत्नागिरी (१२ एप्रिल, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. हंगाम ऐन भरात आहे आणि गाडीने मला घाटात अडवलंय, म्हणून हा धागा.

गाडी २००९ ची डिझेल पिकअप. २.५ लिटर टर्बो इंजिन, २ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, गाडीचं वय झालंय. आठवड्यातून दोन-तीन वेळा हापूसच्या पेट्या भरून रत्नागिरी, पाली, साखरपा, आंबा घाट करत कोल्हापूरला जातो. माल साधारण सव्वा टन.

साखरपा सोडेपर्यंत काटा मधल्या रेघेच्याही खाली असतो, पहाटे तर जेमतेम पाव भागावर. घाट लागला, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर आली की दहा-बारा मिनिटांत काटा चढायला लागतो आणि माथा यायच्या आत तांबड्या पट्ट्याला टेकतो. दोनदा बाजूला घेऊन थांबलो. एकदा पाणी उकळून बाटलीच्या झाकणातून बाहेर आलं. रिकामी परत येताना मात्र काहीच होत नाही.

आतापर्यंत वॉटर बॉडी (इंजिनात पाणी फिरवणारा पंप) नवी टाकली, रेडिएटर उतरवून रॉड मारून (नळ्यांत सळई घालून साफ करून) आणला, फॅनचा क्लच आणि बेल्ट बदलला. साडेनऊ हजार गेले आणि फरक काहीच नाही. आता गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा सिलिंडरचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी) गेलंय, हेड उतरवू. म्हणजे पाच दिवस गाडी उभी आणि पंचवीस हजारांच्या पुढे खर्च. आंबा पाच दिवस थांबत नाही.

हेड उतरवण्याआधी मी स्वतः काय तपासून बघू?

कोल्हापुरी_मिस्त्री (१२ एप्रिल, रात्री १०.१५)

दादा, आधी हेडला हात लावू देऊ नका. गॅस्केट गेलंय की नाही हे न खोलता कळतंय.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठापर्यंत भरा, गाडी चालू करा आणि तोंडाशी बघत राहा. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा असती. पण बुडबुडे थांबतच नाहीत, रेस केली की वाढतात, पाणी उसळतं, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय.

दुसरं म्हणजे झाकण लावून थंड गाडी चालू करा आणि वरचा जाड पाइप दाबून बघा. पहिल्या मिनिटातच दगडासारखा कडक झाला तर गडबड हाय. पाणी तापायच्या आधी प्रेशर यायचं कारणच नाही.

तिसरं, ऑइलची पट्टी आणि भरायच्या झाकणाची आतली बाजू बघा. दुधाळ चहासारखा रंग असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. पण ऑइल कूलर फुटला तरी तसंच दिसतंय, त्यामुळं एवढ्यावर हेड उतरवायचं नाही.

आणि एक सांगा, पाणी रोज कमी होतंय का?

बागायतदार_रत्नागिरी (१२ एप्रिल, रात्री १०.३०)

मिस्त्री, मनापासून आभार. उकळलं त्या दिवशी दोन लिटर घालावं लागलं. एरवी महिन्यात अर्धा लिटरसुद्धा लागत नाही. बाकीचं उद्या सकाळी करून सांगतो.

लाल_माती (१२ एप्रिल, रात्री १०.४२)

वाचतोय. वाचनखूण साठवली. माझी पण १२ वर्षांची आहे.

सांगोला_ते_वाशी (१२ एप्रिल, रात्री ११.०५)

माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे डाळिंब वाशीला जातं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की नव्या हंड्याला महिन्यात पांढरा थर येतो. तेच पाणी मी चार वर्षं रेडिएटरमध्ये घालत होतो. रेडिएटर उघडला तेव्हा खालच्या बाजूच्या निम्म्या नळ्या चुन्याने बंद झालेल्या होत्या. नुसते रेडिएटर नाही, ब्लॉकमध्ये शेवटच्या सिलिंडरच्या मागे चिखल साचलेला होता. तो रॉड मारून निघत नाही, त्याला ब्लॉकचा निचऱ्याचा बोल्ट काढून उलट्या बाजूने पाणी मारावं लागतं.

तुम्ही रॉड मारलात ते बरोबर, पण ब्लॉक धुतला का? आणि सायट्रिक आम्लाने धुतलं तर नंतर तीन-चार वेळा साध्या पाण्याने धुवा. अॅल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो अॅल्युमिनियम खातो.

रोपवाटिकावाली (१३ एप्रिल, सकाळी ६.५०)

मिस्त्रींनी झाकण काढायला सांगितलंय ते "पूर्ण थंड असताना". कृपया हे दोन शब्द सगळ्यांनी ठळक वाचावेत.

मी रोपांची पिकअप स्वतः चालवते. तीन वर्षांपूर्वी ताम्हिणीत गाडी तापली आणि मी ओला फडका घेऊन झाकण फिरवलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं, पावसाळाभर हात पाण्यात घालता आला नाही. नंतर कळलं की आत दाब असल्यामुळे पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, आणि झाकण सुटलं की त्या क्षणी सगळं एकदम वाफ होऊन अंगावर येतं. झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं ना, तेवढ्या दाबाला साधं पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत तग धरतं.

म्हणूनच ते झाकणही बघा. आतलं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही आणि पाणी आधीच उकळतं. घाटमाथ्यावर तर आणखी आधी, कारण उंची दर तीनशे मीटर वाढली की उकळबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. झाकण दीडशे-दोनशे रुपयांचं आहे, पण सगळं बदलून झालं तरी तेच बदलायचं राहतं.

जुना_ड्रायव्हर_५९ (१३ एप्रिल, सकाळी ८.२०)

एवढी पुराणं कशाला? थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप, काढून टाका. पाणी मोकळं फिरलं की गाडी थंड. मी तीस वर्षं मोठ्या गाड्या चालवल्या, पहिलं काम तेच करायचो.

बागायतदार_रत्नागिरी (१३ एप्रिल, सकाळी ८.३५)

काका, तो गेल्या दिवाळीतच काढलाय. दुसऱ्या एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा त्यांनीच काढला, म्हणाले आपल्या हवेत लागत नाही. त्यामुळे त्या बाजूने मी निश्चिंत आहे.

जुना_ड्रायव्हर_५९ (१३ एप्रिल, सकाळी ८.४०)

मग गॅस्केटच. 

मस्कतहून (१३ एप्रिल, सकाळी ९.१०)

इथे उन्हाळ्यात ४७-४८ अंशांत पिकअप दिवसभर चालतात. आमच्या साइटवर विहिरीचं, नळाचं, कुठलंच पाणी रेडिएटरला चालत नाही, फक्त तयार कूलंट. ते थंडीसाठी असतं असा आपल्याकडे समज आहे. खरं तर त्याची दोन मोठी कामं: गंज थांबवणं आणि उकळबिंदू वाढवणं. अर्धं ग्लायकॉल अर्धं पाणी असेल तर दाबाशिवायही ते १०६-१०७ अंशांना उकळतं.

मात्र हिरवं आणि नारिंगी एकमेकांत ओतू नका. रंग वेगळे म्हणजे आतली रसायनंही बहुतेक वेळा वेगळी असतात. 

कोल्हापुरी_मिस्त्री (१३ एप्रिल, सकाळी ९.३०)

शंभर टक्के बरोबर. बागायतदार, कोल्हापुरात आलात की तांबडा-पांढरा मी देतो, रेडिएटरला हिरवा तेवढा तुम्ही आणा.

लाल_माती (१३ एप्रिल, सकाळी ९.३३)

मिस्त्री 😄 आम्ही पण येतो. आम्हाला गाडी तापायची अट आहे का?

कोल्हापुरी_मिस्त्री (१३ एप्रिल, सकाळी ९.४०)

अट एकच, येताना एक पेटी.

देशावरचा (१३ एप्रिल, सकाळी १०.१५)

थोडं अवांतर, पण घाटाचा विषय निघाला म्हणून. माझे वडील ऐंशीच्या दशकात ट्रकवर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. तेव्हा घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवायचीच, तापली असो वा नसो. क्लीनर लाकडी ओंडका चाकामागे लावायचा, वडील इंजिन न बंद करता पाच मिनिटं हळू चालू ठेवायचे आणि मग पुढे. मधल्या वळणांवर पाण्याची पिंपं ठेवलेली असायची. वडील म्हणायचे, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणारा ड्रायव्हर मालकाचं घर विकतो. तसं केलेला एक हेड मी पाहिलाय, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये केसासारखी चीर गेलेली.

घाट चढताना त्यांची आणखी एक सवय होती. गाडी तिसऱ्यात घुसमटायला लागली की रेटायची नाही, लगेच दुसरा. इंजिन मोकळं फिरलं की वॉटर बॉडी आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात. आजही मी तेच करतो.

रोपवाटिकावाली (१३ एप्रिल, सकाळी १०.४०)

@देशावरचा, सुंदर लिहिलंय. यात एक भर घालते. काटा चढायला लागला तर एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू, काचा खाली. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण काटा दोन रेघा उतरतो.

आणि वरती गेलेला काटा अचानक खाली पडून थंड दाखवायला लागला तर आनंद मानू नका. पाणी संपून सेन्सर हवेत उघडा पडलाय असं समजा आणि त्याच क्षणी इंजिन बंद करा.

बागायतदार_रत्नागिरी (१३ एप्रिल, दुपारी १.०५)

तपासण्या केल्या.

थंड इंजिनवर झाकण काढून दहा मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवली. सुरुवातीला चार-पाच बुडबुडे, मग पाणी शांत. रेस केली तरी उसळलं नाही. वरचा पाइप दोन मिनिटांनंतरही मऊ. ऑइल काळं, पण स्वच्छ. एका ओळखीच्या मिस्त्रीकडे ती निळ्या पाण्याची नळी होती, रेडिएटरच्या तोंडावर धरायची. गॅस असेल तर रंग हिरवा-पिवळा होतो म्हणाले. निळं ते निळंच राहिलं. झाकणाचं रबर मात्र भेगाळलेलं निघालं, नवीन आणलं.

संध्याकाळी चाळीस पेट्या घेऊन निघतोय, बघू.

बागायतदार_रत्नागिरी (१४ एप्रिल, पहाटे ५.२०)

झाकण नवीन, माल कमी, रात्रीची वेळ. उकळलं नाही, पण काटा शेवटच्या वळणांवर तांबड्याच्या काठापर्यंत गेलाच. म्हणजे मूळ दुखणं तसंच आहे. घरचे म्हणतात हंगामापुरती भाड्याची गाडी लाव. भाड्यात सगळं जातं हो, मग आंबा पिकवायचा कशाला.

पंपवाला (१४ एप्रिल, सकाळी ७.४५)

दादा, धीर सोडू नका. माझं काम इंजिनाच्या डिझेल पंपाचं आणि नोझलचं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी), म्हणून त्या बाजूने सांगतो. डिझेल जळून जी उष्णता होते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात जातो. टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागे गेलं किंवा नोझल थेंब गाळायला लागले तर हा हिस्सा वाढतो आणि चढावर गाडी जास्त तापते. घाटात धूर कसा आहे? काळा भसाभसा की पांढरट? गाडी ओढायला कमी पडतेय का? ब्रेक धरून राहतात का हेही बघा. सपाटीला न्यूट्रलमध्ये सोडली तर मोकळी घरंगळते का?

बागायतदार_रत्नागिरी (१४ एप्रिल, सकाळी ८.१०)

धूर नेहमीसारखाच, जोर कमी नाही, घरंगळते छान. हां, एक गोष्ट आठवली. अॅव्हरेज थंडीत उतरलं. आधी १३ मिळायचं, आता ११ च्या आसपास. डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, तरी तेवढंच.

आयटीआयचा_मास्तर (१४ एप्रिल, सकाळी ९.२५)

काल रात्रीपासून धागा वाचतोय. आत्ता पुन्हा पहिली पोस्ट वाचली आणि उत्तर तिथेच सापडलं असं मला वाटतं. वर्गात मुलांना मी नेहमी आधी विचारतो, गाडी तापते कधी? उभी असताना की पळताना, सपाटीला की चढावर, हळूहळू की अचानक? तुम्ही हे सगळं पहिल्याच दिवशी लिहिलं होतं.

सपाटीला काटा मधल्या रेघेच्या खाली, पहाटे पाव भागावर. हे आपण सगळ्यांनी चांगलं लक्षण समजून सोडून दिलं. २.५ लिटरचं डिझेल इंजिन चालताना ८२ ते ९० अंशांत असायला हवं. पाव भागावर म्हणजे ते तापतच नाही. थंड इंजिन डिझेल जास्त खातं, म्हणून १३ चं ११ झालं. आणि अॅव्हरेज कधी उतरलं? थंडीत, म्हणजे दिवाळीनंतर. दिवाळीत काय केलं? थर्मोस्टॅट काढला.

आता घाटात का तापते ते सांगतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची तबकडी रेडिएटरची वाट उघडते. त्याच दांड्यावरची खालची तबकडी त्याच वेळी बायपासची वाट बंद करते. बायपास म्हणजे इंजिनातून निघालेलं पाणी रेडिएटरला न जाता परत वॉटर बॉडीकडे नेणारा आखूड मार्ग. इंजिन थंड असताना तो हवा असतो. गरम झालं की तो बंद व्हायला हवा.

थर्मोस्टॅट काढला की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या. पाणी सोप्या वाटेने जातं. बायपास आखूड, तिथे अडथळा नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाणं कठीण. म्हणून बरंचसं गरम पाणी थंड न होताच पुन्हा इंजिनात शिरतं. सपाटीला इंजिनाला फारशी मेहनत नसते, रेडिएटरमधून जाणारं थोडं पाणीही पुरून उरतं आणि गाडी अति थंड राहते. घाटात सव्वा टन घेऊन चढताना तेच थोडं पाणी अपुरं पडतं.

सपाटीला अति थंड आणि चढावर अति गरम, ही जोडी एकत्र दिसली की मी आधी थर्मोस्टॅटचं घर उघडून बघतो.

जुना_ड्रायव्हर_५९ (१४ एप्रिल, सकाळी १०.०५)

मास्तर, मान ठेवून विचारतो. मग आमच्या गाड्या तीस वर्षं थर्मोस्टॅटशिवाय घाट कशा चढल्या? कुठलीच तापली नाही.

आयटीआयचा_मास्तर (१४ एप्रिल, सकाळी १०.३०)

काका, तुमचा अनुभव खोटा नाही. काही जुन्या इंजिनांत बायपास अगदी बारीक असायचा, तिथे काढून टाकला तरी निभायचं. बाकीच्या ठिकाणी काढणारा मिस्त्री आणखी एक काम करायचा. आठवून बघा, थर्मोस्टॅट काढल्यावर उस्ताद बायपासच्या तोंडात काही बसवायचे का?

जुना_ड्रायव्हर_५९ (१४ एप्रिल, सकाळी ११.१५)

बसवायचे! पत्र्याची चकती कापून ठोकायचे किंवा पाइप काढून दोन्ही तोंडांना बुच मारायचे. आम्ही म्हणायचो, उस्तादांची सवय आहे. कशासाठी ते कुणी विचारलंच नाही. म्हणजे उस्ताद खालच्या तबकडीचं काम हाताने करत होते. मास्तर, पटलं. बागायतदार, मी काल घाईने गॅस्केट म्हणालो, ते मागे घेतो. आधी मास्तर सांगतात ते करा.

सांगोला_ते_वाशी (१४ एप्रिल, सकाळी ११.३०)

काका +१. आणि मास्तर, तरी एक शंका. रेडिएटर आतून चोंदला असेल तरी पाणी कमीच जातं आणि चढावरच तापतं. माझ्या गाडीला तसंच झालं होतं. दोन्हींत फरक कसा ओळखायचा?

आयटीआयचा_मास्तर (१४ एप्रिल, दुपारी १२.१०)

अगदी बरोबर शंका. त्याला हजार-बाराशेचा इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो, बंदुकीसारखा. कुणाचा तरी उसना मिळाला तरी चालेल.

वरच्या पाइपाचं आणि खालच्या पाइपाचं तापमान घ्या. भारावर दोघांत साधारण दहा-बारा अंशांचा फरक ठीक. दोन्ही जवळजवळ सारखे गरम असतील तर हवा कमी पडतेय, म्हणजे फॅन, क्लच, फॅनभोवतीचं आवरण, किंवा एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मध्ये साचलेला कचरा. फरक चाळीस-पन्नासचा असेल तर रेडिएटरमधून पाणीच कमी जातंय. मग रेडिएटरच्या जाळीवर पट्ट्या-पट्ट्यांनी फिरवा. मधेच गार पट्टा लागला तर त्या नळ्या बंद. सगळीकडे तापमान एकसारखं उतरत गेलं तर नळ्या मोकळ्या आहेत, पाणी दुसरीकडे पळतंय. मग बायपासचा पाइप बघा. इंजिन गरम असताना तोही वरच्या पाइपाइतकाच गरम लागला तर चोर सापडला.

एक काळजी घ्या. चकचकीत धातूवर हे यंत्र खूप कमी आकडा दाखवतं. मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर नेम धरा. फॅनपासून हात आणि कपड्यांची टोकं लांब ठेवा.

पंपवाला (१४ एप्रिल, दुपारी १२.२०)

काळ्या चिकटपट्टीचं मला माहीत नव्हतं. मी चकचकीत पाइपांवर मोजून लोकांना आकडे सांगत होतो. आजच रीळ आणतो.

बागायतदार_रत्नागिरी (१५ एप्रिल, रात्री ११.५०)

आज पन्नास पेट्या घेऊन गेलो. चुलतभावाला बरोबर घेतलं. यंत्र एका होडीवाल्या मित्राचं. घाटात चढ संपत आल्यावर एका रुंद जागी बाजूला घेतली, हँडब्रेक, चाकांमागे दगड, इंजिन चालूच. भावाने बोनेट उघडून लगेच मोजलं.

वरचा पाइप १०३. खालचा पाइप ५८. रेडिएटरची जाळी वरून खाली एकसारखी उतरत गेलेली, गार पट्टा कुठेच नाही. बायपासचा पाइप १०२.

मास्तर, १०२! तो आकडा बघून आम्ही दोघं त्या वळणावर काही क्षण नुसते उभे राहिलो. साडेनऊ हजार आणि तीन आठवड्यांची झोप गेली होती ती या वीतभर पाइपामुळे.

कोल्हापुरी_मिस्त्री (१६ एप्रिल, सकाळी ७.००)

ह्ये बेस झालं! आता थर्मोस्टॅट आणताना नंबर बघून आणा. ८२ अंशांचा, आणि खालची तबकडी असलेलाच. बाजारात तबकडी नसलेला स्वस्तातला मिळतोय, तो बसतो पण बायपास उघडाच राहतो, मग पुन्हा हेच. जुना असता तर शेजारी धरून उंची जुळवता आली असती.

आयटीआयचा_मास्तर (१६ एप्रिल, सकाळी ७.३०)

बसवण्याआधी पातेल्यात तपासा. नवा आहे म्हणून चांगलाच असेल असं नाही. दोऱ्याने टांगून पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि स्वयंपाकाचा किंवा लॅबचा थर्मामीटर शेजारी. ८२ च्या आसपास हालायला लागला पाहिजे आणि ९५ ला पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना कडेला जी बारीक पिन हालते ती वरच्या बाजूला ठेवा, तिथून अडकलेली हवा निघते. पाणी भरताना गाडीचं नाक चढाला, हीटर चालू.

बागायतदार_रत्नागिरी (१७ एप्रिल, दुपारी ३.३०)

थर्मोस्टॅट आणला, तबकडीवाला, सहाशे वीस रुपये. आईच्या दुधाच्या पातेल्यात उकळला. आई आधी रागावली, मग स्वतःच चष्मा लावून शेजारी बसली आणि "हालला रे हालला" म्हणून ओरडली तेव्हा थर्मामीटरवर ८१ होते. तबकडी खाली सरकताना स्पष्ट दिसते. नवं पातेलं आणून देणार आहे.

कूलंट अर्धं-अर्धं भरलं. सांगोलकर, तुमचं ऐकून त्याआधी ब्लॉकचा बोल्ट काढून धुतला. तांबडा गाळ निघाला, तुमच्याइतका नाही, पण ओंजळभर.

बागायतदार_रत्नागिरी (१९ एप्रिल, सकाळी ६.१०)

कोल्हापूरहून लिहितोय. काल दुपारी ऐन उन्हात साठ पेट्या घेऊन निघालो. मुद्दाम दुपारी.

पालीपर्यंत काटा मधल्या रेघेवर, हललाच नाही. इतके महिने खाली बघायची सवय झालेली, तर सुरुवातीला तोच जास्त वाटत होता. घाटात देशावरच्यांच्या वडिलांसारखं तिसरा घुसमटायच्या आत दुसरा घेत गेलो. काटा मधल्या रेघेच्या एक बोट वर गेला आणि तिथेच थांबला. त्याच वळणावर पुन्हा मोजलं: वरचा पाइप ९५, खालचा ८३, बायपास ६८. माथ्यावर चहा प्यायला थांबलो ते चहासाठीच, गाडीसाठी नाही.

मार्केट यार्डात पहाटे सौद्याला माल वेळेत लागला.

रोपवाटिकावाली (१९ एप्रिल, सकाळी ६.४५)

वाचून डोळे भरून आले. आईला सांगा, "हालला रे हालला" आमच्या घरी पण वाचून दाखवलं.

जुना_ड्रायव्हर_५९ (१९ एप्रिल, सकाळी ७.२०)

शाबास. माझ्या पुतण्याच्या टेम्पोचा थर्मोस्टॅट मीच दोन वर्षांपूर्वी काढला होता. आज दुकान उघडलं की नवीन आणून बसवतो. मास्तर, नंबर कसा ओळखायचा ते सांगा, त्याच्या इंजिनावर ७६ होता असं अंधूक आठवतंय.

आयटीआयचा_मास्तर (१९ एप्रिल, सकाळी ७.५०)

काका, अंश तबकडीवरच कोरलेले असतात. जुना फेकला असेल तर इंजिन नंबर घेऊन दुकानात जा, अंदाजाने घेऊ नका. आणि उस्तादांची ती चकती बायपासमध्ये अजून ठोकलेली असेल तर बसवण्याआधी आठवणीने काढा.

कोल्हापुरी_मिस्त्री (१९ एप्रिल, सकाळी ८.०५)

बागायतदार, यार्डातच थांबा. मी शाहूपुरीतून निघालोय. पांढरा गरम हाय.